‘नाही’ म्हणण्याचे शिक्षण

आजोबांचा नातवंडांवरील हक्क हा आपल्याकडे निर्विवाद मानला गेलेला हक्क आहे. त्या हक्कास एक सहा वर्षांची मुलगी सौम्य शब्दांत ‘नाही’ म्हणू शकते हे मला वयाची पासष्टी उलटल्यावर कळले. ज्या विषयाच्या शिक्षणामुळे ते घडले त्याविषयी कुटुंबवत्सल वाचकांशी चार शब्द बोलावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

माझी मुलगी व जावई इंग्लंडात, लंडनच्या पश्चिमेस स्लाऊ या गावी राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात मी प्रथमच त्यांच्याकडे गेलो. नातीला त्यापूर्वी समक्ष पाहिले होते ते ती तीन वर्षांची असताना. मधल्या काळात भेट व्हायची ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. दारात पाऊल टाकताच मी सामान खाली ठेवले, हात पसरले आणि म्हणालो, “ये ग, आबाला एक पापा दे पाहू.” मुलगी दोन पावले पुढे आली, थांबली, आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “आबा, आत्ता पापा नको. मी नमस्कार करते.” आणि तिने खरोखरच वाकून नमस्कार केला.

आशीर्वाद दिला खरा, पण प्रवासाच्या शिणापेक्षा त्या ‘नको’नेच मी अधिक थकलो. ते माझ्या मुलीच्या ध्यानात आले असावे. रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, मनाला लावून घेऊ नका. तिला शाळेत शिकवले आहे, आपल्याला कोणी जवळ घ्यावे हे आपण ठरवायचे. तुम्ही आयुष्यभर मास्तरकी केलीत. त्यांचे पुस्तक एकदा वाचा, मग रागवा.”

मी १९७४ सालचा मॅट्रिक. त्याआधी व नंतर काही वर्षे पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन केले, मग अध्यापनाची पदविका घेऊन प्राथमिक शाळेत सदतीस वर्षे घालविली. नव्या विषयांची आम्हा जुन्या शिक्षकांना धास्ती असते, कारण नवा विषय म्हणजे नवी नोंदवही, असा आमचा अनुभव आहे. तरी वाचावयास घेतले. पुढे मुलीबरोबर शाळेतील पालकसभेलाही जाऊन बसलो. तेथे शाळांनी या विषयाचे धोरण पालकांशी विचारविनिमय करून ठरवावे असे बंधन आहे, म्हणून ही सभा.

विषयाचे नाव लांबलचक आहे: व्यक्तिगत, सामाजिक, आरोग्य व आर्थिक शिक्षण. आद्याक्षरे घेऊन तेथील लोक त्यास ‘पीएसएचई’ म्हणतात. त्याची वंशावळ मौजेची आहे. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होण्यास आलेले पुष्कळसे इंग्रज तरुण शरीराने अपात्र ठरले, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. १९०४ साली चौकशी समितीचा अहवाल आला, १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, आणि १९०७ च्या कायद्याने शाळांतून मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. म्हणजे मुलाच्या प्रकृतीची काळजी प्रथम वाहिली गेली ती पलटणीकरिता! मुलाचे मन, त्याचे भय, त्याची मैत्री या गोष्टी अभ्यासक्रमात येण्यास शतक लोटावे लागले. २००० साली प्राथमिक शाळांसाठी या विषयाची चौकट आखली गेली, पण ती ऐच्छिक होती. २०१० मध्ये ती सक्तीची करण्याची कलमे संसदेपुढे होती, ती निवडणुकीच्या धांदलीत गळली. अखेर २०१७ चा कायदा झाला, आणि सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडातील प्राथमिक शाळांत ‘नातेसंबंधांचे शिक्षण’ सक्तीचे झाले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत त्याच्या जोडीला ‘आरोग्य शिक्षण’ही आले.

आरोग्याचा भाग वाचताना मला विशेष नवल वाटले नाही. हात धुणे, दात घासणे, वेळेवर निजणे, मोकळ्या हवेत खेळणे, पडद्यासमोर किती वेळ बसावे याचा विचार करणे, हे त्यांत आहे. यांपैकी पडदा सोडला तर बाकी सारे आमच्या आजीने चुलीपाशी बसून शिकविले होते, आणि तेही छडीवाचून. एक गोष्ट मात्र तिला शिकविता आली नसती. घरात कोणी पडले, भाजले, बेशुद्ध झाले, तर मदतीच्या क्रमांकावर दूरध्वनी करून आपले नाव, ठिकाण आणि काय झाले ते न घाबरता स्पष्ट कसे सांगावे, हे तेथे प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी मुलास यावे लागते. माझी नात ते खेळण्यातला दूरध्वनी घेऊन करून दाखवी. नाटकातला रुग्ण अर्थातच मी.

नातेसंबंधांच्या भागापाशी मात्र मी अडखळलो. तेथे ‘बालकांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी राष्ट्रीय संस्था’ नावाची एक संस्था आहे. तिचे मूळ १८८४ सालचे. तिने २०१३ मध्ये लहान मुलांसाठी पाच नियम काढले आणि चड्डी या अर्थाच्या ‘पँट्स’ या इंग्रजी शब्दाच्या पाच अक्षरांत ते बसविले. चड्डीखालचे अवयव हे खाजगी; तुझे शरीर तुझे आहे हे विसरू नकोस; ‘नाही’ म्हणजे नाहीच; ज्या गुपिताने मन दुखते ते बोलून टाक; आणि बोल, कोणी ना कोणी मदत करील. पुढे या नियमांना एक पिवळा डायनासोरही जोडण्यात आला. मुले त्याचे गाणे म्हणत नाचतात. मला प्रथम तो प्रकार पोरकट वाटला, पण पालकसभेत त्या वर्गाच्या बाईंनी एकेक नियम उलगडून सांगितला तेव्हा माझे मत पालटू लागले.

गुपित आणि गंमत यांतील भेद त्यांनी असा सांगितला: आईच्या वाढदिवसाची भेट लपवून ठेवली तर ती गंमत, ती ठरल्या दिवशी उघडी होते आणि सगळे हसतात. पण जी गोष्ट कधीच कोणाला सांगू नकोस असे कोणी बजावतो, आणि जी आठवली की पोटात कालवल्यासारखे होते, ते गुपित पाळावयाचे नसते. सहा वर्षांच्या मुलास सत्य आणि असत्य यांची मीमांसा कळणार नाही. पोटात कालवणे मात्र त्यास नेमके कळते. या एका भेदावर त्या बाईंनी दोन तासिका खर्च केल्या होत्या. वर्गात एक प्रश्नपेटी होती. जे मुखाने विचारवत नाही ते चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, तीत टाकावयाचे. धड्यांत कोणा प्रत्यक्ष मुलाविषयी बोलत नाहीत; एखादा कल्पित मुलगा किंवा ससा घेतात आणि ‘त्याने आता काय करावे?’ असे विचारतात. आपल्या पंचतंत्राची युक्ती हीच नव्हे काय?

मी हात वर करून विचारले, “बाई, मूल खोटे बोलत असेल तर?” त्या म्हणाल्या, “ते ठरविण्याचे काम माझे नाही. मी ऐकते, खोदून विचारीत नाही, मुलाच्याच शब्दांत लिहून घेते आणि शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी देते. आणि मी कोणाला सांगणार नाही, असे वचन मी मुलास कधीही देत नाही; कारण ते मला पाळता येणार नाही.”

हे शब्द ऐकले आणि मी त्या सभेत बसलेला असूनही तेथे नव्हतो. तीस वर्षांपूर्वीचा माझाच एक वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला.

घाटमाथ्यावरच्या एका खेड्यात मी तेव्हा चौथीस शिकवीत होतो. १९९३ सालची गोष्ट असावी. वर्गात एक मुलगा होता; वाणी शुद्ध, पाठांतर उत्तम. त्याच्या वाडीत शाळा नव्हती, म्हणून तो गावातील एका दूरच्या नातलगाकडे राहून शिकत असे. दिवाळीनंतर त्याचे पाठांतर बिघडले. शाळा सुटली तरी तो वर्गात रेंगाळे. मी फळा पुसू लागलो की डस्टर मागून घेई. एके दिवशी माझ्याजवळ येऊन, खाली मान घालून तो म्हणाला, “गुरुजी, मला काकांच्या घरी राहायचे नाही. ते चांगले नाहीत.”

मी काय करावे? ज्याच्या घरचे अन्न खातोस त्याच्याविषयी असे बोलतोस, म्हणून त्यास रागे भरलो. मोठ्यांचा मान राखावा हे वाक्य दहा वेळा पाटीवर लिहून आणण्यास सांगितले. त्याने सुरेख अक्षरात लिहून आणले. मी पाठ थोपटली. तो पुन्हा काही बोलला नाही.

२०१४ साली, माझी सेवानिवृत्ती एक वर्षावर आली असता, तो मला भेटावयास आला. चांगल्या नोकरीत होता. लग्न ठरले होते. चहा झाल्यावर त्याने शांतपणे सर्व सांगितले. ते येथे लिहिण्याचे कारण नाही. सुज्ञ वाचक समजतील. तो नातलग तोपर्यंत निवर्तला होता. जाताना मुलगा म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला काय सांगायचे ते मी दोन दिवस पाठ करून आलो होतो. पण मला त्याचे शब्दच ठाऊक नव्हते, म्हणून ‘चांगले नाहीत’ एवढेच आले.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

शब्दच ठाऊक नव्हते! या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पाठशाळेत आम्ही अमरकोश मुखोद्गत करीत असू. त्याच्या मनुष्यवर्गात मस्तकापासून पायापर्यंत सर्व अवयवांची नावे येतात; शिश्न आणि योनी यांचेही पर्याय येतात. आमचे वृद्ध गुरुजी ते चरण इतर चरणांच्याच सुरात म्हणवून घेत. ना ते अडखळत, ना आम्ही हसत असू. तोच मी, हे दोन शब्द या मासिकासाठी लिहिताना लेखणी क्षणभर थांबवितो. घरात तर आपल्यापाशी या अवयवांसाठी एक तर बोबडे शब्द आहेत, नाही तर शिव्या आहेत. मधला, साधा, मुलाने आईपाशी निःशंकपणे उच्चारावा असा शब्द आपण ठेविलाच नाही. मग त्या जागी काही विपरीत घडले तर मुलाने सांगावे कोणत्या भाषेत? दुष्ट मनुष्याचे अर्धे काम आपली ही सोवळी भाषाच करून ठेवते. इंग्लंडच्या सरकारी सूचनेत, अत्याचाराविषयी तक्रार करण्यास लागणारा शब्दसंग्रह आणि आत्मविश्वास मुलास प्राथमिक शाळेतच मिळावा, असे स्पष्ट लिहिले आहे. शब्दसंग्रह हा भाषेच्या शिक्षकाचा प्रांत. तेव्हा हा दोष माझ्याच पदरात पडतो.

तेथील सर्वच लोकांना हा विषय रुचला असे मात्र नव्हे. २०१९ साली बर्मिंगहॅम शहरात पालकांनी प्राथमिक शाळेच्या दाराशी अनेक आठवडे निदर्शने केली. काही कुटुंबांत दोन आया किंवा दोन वडील असतात, हे इतक्या लहान मुलांपुढे येऊ नये असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात शाळेच्या आसपास निदर्शने करण्यास मनाई झाली. आईबापांच्या शंका केवळ अडाणीपणाच्या असतात असे मी मानीत नाही; कोणत्या वयास काय सांगावे हा विवेकाचा प्रश्न आहेच. तेथील कायद्यानेही तो मानला आहे. प्राथमिक शाळेत लैंगिक शिक्षण सक्तीचे नाही, आणि शाळेने ते दिलेच तर विज्ञानाच्या पाठ्यक्रमाबाहेरील भागातून आपल्या मुलास वगळून घेण्याचा अधिकार पालकांना आहे. नातेसंबंधांच्या आणि आरोग्याच्या शिक्षणातून मात्र वगळता येत नाही. मला ही रेषा बरोबर ओढलेली वाटते. संतती कशी होते हे मूल दोन वर्षे उशिरा शिकले तरी चालेल. नकोसा स्पर्श कोणास सांगावा हे मात्र त्यास आजच ठाऊक हवे.

आपल्याकडे ही रेषा ओढण्यापूर्वीच पाटी पुसली जाते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, आणि त्यापायी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातील गदारोळानंतर महाराष्ट्रात बंद करण्यात आला. योगायोग असा की, त्याच वर्षी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचाराविषयी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारले असता शंभरांत ५३ हून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिकच होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणजे काळोखातल्या अनोळखी माणसाची भीती आपण मुलांना घालतो ती बव्हंशी चुकीच्या दिशेला. नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा लागू झाला. असा प्रकार ठाऊक असून जो कळविणार नाही तोही त्या कायद्याने दंडास किंवा कैदेस पात्र ठरतो, मग तो शिक्षक असो की घरातला वडीलधारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शिशुवर्गातील दोन बालिकांवरील अत्याचार उघड झाला, आणि संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली. तो संताप योग्यच होता. पण आपल्या घरातील पाच वर्षांच्या मुलास किती जणांनी त्या रात्री जवळ बसवून चार शब्द सांगितले असतील?

मी परत आल्यावर हे सर्व घरी बोललो. आमचे एकत्र कुटुंब आहे. थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते ऐकून चिडले. “म्हणजे आता मुलांनी आम्हाला नाही म्हणायचे? मोठ्यांचे ऐकणे हा तर आपल्या घराचा पाया.” मी म्हणालो, “अण्णा, तुम्हीच लहानपणी मला प्रह्लादाची गोष्ट सांगत होता. तो बापाचे ऐकत नव्हता म्हणूनच आपण त्याला भक्त म्हणतो ना?” ते म्हणाले, “देवाची गोष्ट वेगळी.” मग मी तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीची आठवण दिली. शिकून घरी निघालेल्या शिष्यास आचार्य तेथे बजावतात की, आमची जी चांगली आचरणे असतील तीच तू घे, इतर घेऊ नकोस. गुरूच्याही वागण्यात न घेण्यासारखे असू शकते, हे खुद्द गुरूच सांगतो, आणि ते शिक्षणाचा भाग म्हणून सांगतो. अण्णा गप्प राहिले. पण पटले म्हणून नव्हे, माझ्या पाठांतरापुढे.

इतका वेळ वहिनी भाजी निवडीत बसल्या होत्या. चौसष्ट माणसांच्या वाड्यात त्यांचे माहेर. मान वर न करता त्या म्हणाल्या, “आमच्या वाड्यात न्हाणीघराला आतून कडी नव्हती. मी दहा वर्षांची असताना आईला म्हटले, कडी लावून घे. ती म्हणाली, घरात सगळी आपलीच तर माणसे आहेत.” आणि त्या पुन्हा भाजी निवडू लागल्या. अण्णांनी पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच ऐकले असावे. ते उठून ओसरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतारास बोलावले. आमच्या घरातल्या मुलांच्या मोरीची कडी वर्षभर मोडलेली होती.

आता पुतण्याच्या मुलाविषयी सांगतो. तो सहा वर्षांचा आहे. इंग्लंडातल्या बाईंनी दाखविलेली एक गोष्ट मी त्याच्याकडून करविली. कागदावर आपला पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवावयाची, आणि प्रत्येक बोटावर अशा एका माणसाचे नाव लिहावयाचे की ज्याला काहीही सांगितले तरी तो रागावणार नाही, हसणार नाही आणि खरे मानील. एक जण ऐकेना तर दुसऱ्याकडे जायचे, दुसरा ऐकेना तर तिसऱ्याकडे. त्यातले एक माणूस तरी घराबाहेरचे असावे, असा नियम. तळहाताच्या जागी १०९८ हा आकडा मी त्याच्याकडून लिहवून घेतला. संकटातील मुलांसाठी १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या विनामूल्य दूरध्वनीसेवेचा हा क्रमांक आज देशभर चालतो, आणि पाढे पाठ करणाऱ्या मुलास तो एका दिवसात पाठ होतो.

मुलाने जीभ बाहेर काढून, मन लावून नावे लिहिली. अंगठ्यावर आई. तर्जनीवर मोठी आजी, म्हणजे वहिनी. मधल्या बोटावर शाळेतल्या बाई. अनामिकेवर, आम्हा सर्वांस आश्चर्य वाटेल असे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या मुलीचे नाव. ती कॉलेजात जाते आणि याला रोज रस्ता ओलांडून देते. करंगळी रिकामी राहिली. मी सहज विचारल्यासारखे विचारले, “अरे, इथे कोण?”

तो म्हणाला, “आबा, विचार करून सांगतो.”

तो कागद स्वयंपाकघराच्या कपाटाला चिकटविलेला आहे. रोज पाणी पिताना मी तो पाहतो.